जुन्या पिकअपची पुढची बाजू खाली घेताना: स्प्रिंग कापण्याआधी एवढं समजून घ्या

जुन्या पिकअपची पुढची बाजू दोन इंच खाली आली की गाडीचा रुबाब बदलतो, यात वाद नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी भरते, बॉनेटची रेघ रस्त्याला धरून चालते, पन्नास वर्षांपूर्वीचा जाड पत्रा एकदम रेखीव दिसायला लागतो. हा मोह मला पुरता कळतो. पण आपल्या कोकणात हे काम बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने होतं. कुडाळकडच्या गॅरेजात गिऱ्हाईक सांगतं, "मिस्त्रीनु, एक राउंड कापा, गाडी बसतली खाली." मिस्त्री जाणता असेल तर विचारतो, "कापूक काय, दोन मिन्टां. पण टायर आतसून झिजतलो, तेचे पैसे कोण भरतलो?"

मिस्त्रीच्या या प्रश्नाचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. गाडी किती खाली आली, यापेक्षा ती कोणता भाग बदलल्यामुळे खाली आली हे जास्त महत्त्वाचं असतं. स्प्रिंग आखूड करून मिळवलेले दोन इंच आणि चाकाचा खुंट (ज्यावर चाक फिरतं तो दांडा) वर सरकवून मिळवलेले दोन इंच फोटोत हुबेहूब सारखे दिसतात. रस्त्यावर मात्र या दोन गाड्यांचं वागणं एकमेकींशी अजिबात जुळत नाही.

आधी मोजा

आपल्याकडची जुनी पिकअप कारखान्यातून निघाली त्या उंचीवर क्वचितच सापडते. वर्षानुवर्षं आंब्याच्या पेट्या, चिरे, मासळीचे क्रेट वाहून आणि खारं वारं खाऊन तिच्या स्प्रिंगा आधीच बसलेल्या असतात. अशा गाडीची पुढची बाजू आणखी खाली घेणं म्हणजे आजारपणावर शस्त्रक्रिया चढवणं. तेव्हा पान्याला हात लावण्याआधी टेप हातात घ्या.

सपाट सिमेंटच्या जमिनीवर गाडी उभी करा, चारही टायरांत हवा सारखी भरा, आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायर झिजलेला असला किंवा वेगळ्या मापाचा असला तर आकडा फसवतो. डाव्या-उजव्या बाजूत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर समजा की एक स्प्रिंग थकली आहे, किंवा तिची बैठक गंजून खचली आहे. आणखी एक माप फार कमी लोक घेतात: खालच्या हातावर (चाकाला चासीशी जोडणारा दांडा) किंवा एक्सलवर जो रबरी बम्प स्टॉप असतो, तो आणि तो जिथे आपटतो ती जागा, यांच्यातलं अंतर. चाकाला वर यायला उरलेली खरी जागा त्यावरूनच ठरते. चाकाशी ती जर ४० मिलिमीटर असेल, तर स्प्रिंग आखूड करून ५० मिलिमीटर खाली घ्यायची चर्चाच तिथे संपते.

जमल्यास जवळच्या वजनकाट्यावर गाडी न्या आणि फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा. आलेल्या वजनाचं निम्मं म्हणजे ढोबळमानाने एका पुढच्या चाकावरचा भार. पुढची सगळी गणितं या एका आकड्यावर उभी राहतात, आणि तो मिळवायला फारसा खर्च येत नाही.

गाडीखाली काय आहे ते बघा

पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनच्या ढोबळ जाती तीन. पहिली पाट्यांची: एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड एक्सल आणि त्याला पाट्यांच्या दोन कमानी. विलीज जातीच्या जीप आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेले जुने डॉज-फार्गो याच घराण्यातले. दुसरी जात दोन हातांची: प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असा हात, मध्ये गोल वेढ्यांची कॉइल स्प्रिंग. तिसऱ्या जातीतही हात असतात, पण कॉइलऐवजी पिळली जाणारी पोलादी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात.

इंटरनेटवर लोअरिंगचं जे काही वाचायला मिळतं, त्यातलं निम्म्याहून अधिक अमेरिकेतल्या शेवरोले सी-१० या एकाच गाडीबद्दल असतं. त्या शेवरोले पिकअपना १९६० मध्ये टॉर्शन बार आले आणि १९६३ पासून कॉइल स्प्रिंग. फोर्डने १९६५ मध्ये तिसराच मार्ग काढला: दोन एक्सल एकमेकांना ओलांडून जाणारे, प्रत्येक चाकाला एक. हे सांगायचं कारण एवढंच, की सी-१० साठी लिहिलेला सल्ला पाट्यांच्या गाडीला लागू पडत नाही. आणि आपली गाडी कोणत्या जातीची हे आरसी बुकात शोधू नका. इतक्या वर्षांत मधल्या एखाद्या मालकाने दुसऱ्याच गाडीचा एक्सल खाली बसवलेला असू शकतो. गाडीखाली झोपून, टॉर्च मारून, डोळ्यांनी बघा.

कॉइल कापल्यावर नेमकं काय होतं

कॉइल स्प्रिंग चाकाच्या थेट वर बसत नाही. ती खालच्या हातावर, चाक आणि चासी यांच्या मध्ये कुठेतरी टेकते. दार कडीजवळ ढकललं की हलकं लागतं आणि बिजागरीजवळ ढकललं की जड लागतं, पण बिजागरीजवळचा बोटभर सरक कडीजवळ वीतभर होतो. इथेही तसंच आहे. समजा खालचा हात ४०० मिलिमीटर लांब आहे आणि स्प्रिंग आतल्या टोकापासून २२० मिलिमीटरवर बसली आहे. म्हणजे स्प्रिंगची हालचाल चाकाच्या हालचालीच्या ०.५५ पट. चाकावर ५०० किलो भार असेल तर स्प्रिंगवर येतो ९०० किलोच्या आसपास, आणि स्प्रिंग २० मिलिमीटरने आखूड झाली तर गाडी खाली येते ३६ मिलिमीटर.

आता कापायचं गणित. १६ मिलिमीटर जाडीच्या तारेची, काम करणारे आठ वेढे असलेली एक स्प्रिंग घेऊ. तिचा कडकपणा ६० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरभर दाबायला सुमारे सहा किलो वजन लागतं. दोन वेढ्यांमधलं अंतर ५० मिलिमीटर धरू. एक वेढा कापला की स्प्रिंग ५० मिलिमीटरने आखूड होते, पण त्याच क्षणी ती कडकही होते, कारण स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. आठाचे सात झाले म्हणजे कडकपणा १४ टक्क्यांनी वाढला. कडक स्प्रिंग त्याच भाराखाली कमी दबते, आधी १४८ मिलिमीटर दबत होती ती आता १३० दबते. त्यामुळे पदरात पडतात ५० नव्हे, ३२ मिलिमीटर. आणि चाकाशी ते होतात साधारण ५७. अर्धा वेढा कापला तर चाकाशी सुमारे २९ मिलिमीटर. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. यावरून हेही लक्षात येईल की "एक राउंड" म्हणजे किरकोळ नाही, सव्वादोन इंच आहेत.

कटिंग व्हीलने, पाणी मारत मारत, अर्धा वेढा कापणं हा काही गुन्हा नाही. स्प्रिंगचं टोक सपाट घासलेलं किंवा आत वळवलेलं असेल तर मात्र कापलेली बाजू बैठकीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागची हलते. गॅसची ज्योत मात्र स्प्रिंगजवळ नेऊच नका. काही ठिकाणी स्प्रिंग न काढता, गाडीवरच लाल होईपर्यंत तापवून "बसवून" देतात. लाल झालेल्या पोलादाचं पाणी उतरतं. ती स्प्रिंग त्या दिवशी दिसायला छान बसते, पुढे बसतच जाते, आणि एखाद्या दिवशी नेमकी तापवलेल्या जागी तुटते. परशुराम घाटाच्या उतारावर हे होणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

हातांचा कोन

स्प्रिंग आखूड केल्याचा मोठा परिणाम स्प्रिंगमध्ये दिसत नाही, हातांत दिसतो. कंपनीच्या उंचीला खालचा हात बहुतेक गाड्यांत जवळपास आडवा असतो. गाडी खाली आली की दोन्ही हात चाकाकडे वर चढतात. वरचा हात आखूड आणि खालचा लांब असल्याने दोघांची टोकं वेगवेगळ्या चापात फिरतात, वरचं टोक जास्त आत ओढलं जातं आणि चाकाचं डोकं आत झुकतं. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. मिस्त्रीने सांगितलेला आतून झिजणारा टायर तो हाच.

टायरॉडचंही, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचंही, तेच. चाक वरखाली होताना ते आपोआप डावी-उजवीकडे वळू नये म्हणून टायरॉडची लांबी आणि उतार हातांच्या चापाशी जुळवलेला असतो. हातांचा कोन बिघडला की ही जुळणी मोडते. मग प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून झटका देतं. नव्या रुंद महामार्गावर हे जाणवणार नाही, पण सागरी मार्गावर, जिथे डांबराची कड तुटलेली आणि समोरून एसटी येत असते, तिथे हा झटका जिवावर बेतू शकतो.

तिसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू हातांच्या उतारावरून ठरतो. हात वर चढले की हा बिंदू गाडीच्या मानाने बराच जास्त खाली घसरतो. गाडीचं वजन ५० मिलिमीटर खाली आलं, पण बिंदू त्याहून अधिक खाली गेला, म्हणजे दोघांतलं अंतर वाढलं, आणि गाडीला कलायला अधिक मोठी तरफ मिळाली. म्हणून नुसत्या कापलेल्या स्प्रिंगांवर खाली बसलेली पिकअप आंबोलीच्या वळणांवर आधीपेक्षा जास्त कलताना दिसते, आणि मालक गोंधळतो. मग तो आणखी कडक स्प्रिंग लावतो. दुखणं हातांत असतं, औषध स्प्रिंगला दिलं जातं.

याच कारणासाठी माझा कौल ड्रॉप स्पिंडलला आहे. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटच्या (हातांच्या टोकाचे गोल सांधे) मध्ये जो नकल असतो, त्यातून चाकाचा खुंट बाहेर येतो. ड्रॉप स्पिंडलमध्ये बॉल जॉइंटच्या जागा तशाच ठेवून हा खुंट दोन-अडीच इंच वर ओतलेला असतो. चाक जमिनीवरच राहणार, त्यामुळे बाकीची गाडी तेवढी खाली येते. हातांचा कोन बदलत नाही, स्प्रिंग तीच, शॉकअपची चाल तीच, बम्प स्टॉपपर्यंतची जागाही तीच. सी-१० साठी असे तयार स्पिंडल सहज मिळतात. अट एकच मोठी: खुंट वर गेला म्हणजे रिमच्या मानाने खालचा बॉल जॉइंट आणि टायरॉडचं टोक खाली आलं, ते रिमला घासू शकतं. म्हणून रिमचा आतला व्यास आधी मोजावा लागतो, आणि बऱ्याचदा किमान १५ इंची रिम लागतात.

भारतीय गाड्यांसाठी असे भाग दुकानात सहसा मिळत नाहीत, आणि इथेच मोह होतो: "लेथवाला आहे ओळखीचा, खुंट कापून वर वेल्ड करून देईल." असं कधीही करू नका. सबंध चाक, ब्रेकचा सगळा जोर, वळणाचा सगळा ताण त्या एका खुंटावर असतो. घडीव पोलादावर गॅरेजात मारलेला जोड बाहेरून कितीही देखणा दिसला तरी त्याच्या कडेला धातू ठिसूळ झालेला असतो. तयार भाग मिळत नसेल तर अर्ध्या वेढ्यावर समाधान माना, आणि कॅम्बर आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) नव्याने लावून घ्या.

पाट्यांची गाडी

जीप किंवा जुना फार्गो असेल तर बरेच जण सरळ एक पाटा काढायला सांगतात. सारख्या जाडीचे सात पाटे असलेल्या कमानीतून एक काढला तर कडकपणा सुमारे १४ टक्क्यांनी कमी होतो आणि उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण १७ टक्क्यांच्या घरात वाढतो. गाडी खाली येते, हे खरं. पण पाटे फक्त वजन पेलत नाहीत. ब्रेक दाबला की एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो, त्याला पाटेच धरून ठेवतात. कमान मऊ झाली की जोराच्या ब्रेकला ती नागमोडी वळते, आणि स्टिअरिंग ओढलं जातं. मुख्य पाटा आणि त्याच्या डोळ्याला कवटाळणारा दुसरा पाटा या दोघांना तर हातच लावायचा नाही.

बरी वाट म्हणजे कमान कमी करणं. पाटे सुटे करून, प्रेसवर थंडच दाबून त्यांचा बाक थोडा उतरवायचा. भट्टीत तापवून करणार असाल तर नंतर त्याला नीट पाणी दिलं जातं का, हे आधी विचारा. सगळ्यांकडे ती सोय नसते. बाक उतरला की कमान लांब होते, म्हणजे शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) आधीपेक्षा जास्त तिरका होतो. भरलेल्या गाडीत तो चासीला टेकत नाही ना, ते बघावं लागतं. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा उतारही बदलतो, म्हणून इथेही खड्ड्यात झटका बसतो.

अमेरिकेत पाट्यांच्या गाड्यांना ड्रॉप एक्सल लावतात: मधला भाग नेहमीच्या ठिकाणी, टोकं वर उचललेली. कल्पना ड्रॉप स्पिंडलचीच. ती गोष्ट घडवलेल्या एक्सलची. असलेला एक्सल वाकवून घेण्याची नाही. आणि एक सावधगिरी. पाटे एक्सलच्या वरून खाली किंवा खालून वर घेण्याचा सल्ला वाचून हुरळू नका. जुन्या सीजे जीपना पाटे मुळातच एक्सलच्या खालून असतात; ते वर घेतले तर गाडी खाली येण्याऐवजी चांगली हातभर उचलल्यासारखी दिसेल.

टॉर्शन बारबद्दल फार लिहायला नको. त्याच्या टोकाला उंची जुळवायचा बोल्ट असतो, तो सैल केला की गाडी खाली येते, कापाकापी नाही. टाटा सफारीच्या पहिल्या पिढीत हीच रचना होती. पण हातांचा कोन इथेही बिघडतो, आणि बम्प स्टॉपपर्यंतची जागा इथेही खर्च होते. बोल्ट फिरवणं सोपं आहे म्हणून लोक वाजवीपेक्षा जास्त फिरवतात.

कोकणात किती खाली परवडतं

अमेरिकेत पुढून चार आणि मागून सहा इंच खाली घेण्याची मोठी फॅशन आहे. रिकामी पिकअप मागून मुद्दाम उंच असते, माल भरला की समतल यावी म्हणून; ती दिसायला समतल करायची तर मागची बाजू जास्त उतरवावी लागते. आपल्या गाडीत जर माल भरायचा असेल तर मागच्या बाजूला हात लावू नका. आणि पुढे माझ्या मते ५० मिलिमीटर ही इथली मर्यादा आहे. का, ते बघू.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. २.९ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) पिकअप त्यावर चढून उभी राहिली तर दोन चाकांच्या मध्ये गतिरोधकाचा फुगवटा चाकांच्या रेषेपेक्षा ६२ मिलिमीटर वर येतो. म्हणजे सायलेन्सर आणि गिअरबॉक्सच्या खालून तेवढी उंची गेली, आणि ती नियमात बसणाऱ्या गतिरोधकावर. वाडीच्या तोंडावर गावाने हौसेने घातलेला उभट गतिरोधक याहून बराच वाईट असतो.

मग जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणारी बोट. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, कुठल्याही बोटीवर गाडी चढवताना धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात खोबण पडते. भरती-ओहोटीप्रमाणे तिचा कोन बदलत राहतो. टायरच्या पुढे बम्पर ८०० मिलिमीटर बाहेर आणि जमिनीपासून ४०० मिलिमीटर वर असेल, तर पुढचा चढाईचा कोन साडेसव्वीस अंशांच्या आसपास मिळतो. ५० मिलिमीटर खाली घेतल्यावर तो साडेतेवीसावर येतो. उतारावर ब्रेक दाबला की नाक आणखी झुकतं, तेही यातून वजा. ड्रॉप स्पिंडल लावलं तरी या दोन आकड्यांत फरक पडत नाही, कारण जमीन कोणती युक्ती वापरली ते बघत नाही.

गंज

हे प्रकरण इतर ठिकाणी दुय्यम असेल, आपल्याकडे पहिलं आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १६ मिलिमीटरची तार गंजून १५ ची झाली, म्हणजे सगळीकडून जेमतेम अर्धा मिलिमीटर गेला, तर कडकपणा २३ टक्क्यांनी घटतो आणि धातूवरचा ताण २१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे खारी हवा गाडी स्वतःहून लोअर करत असते. गंज एकसारखा न लागता खड्डे पाडत लागला तर आणखी वाईट, कारण तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो.

मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी भरून निघालेल्या गाडीखाली एकदा वाकून बघा. बर्फाचं खारट पाणी फळ्यांच्या फटींतून झिरपत चासीच्या आडव्या पट्टीवर येतं आणि तिथून थेंबथेंब खालच्या हातावर टपकतं. स्प्रिंगची खालची बैठक वाटीसारखी असते. तिचं पाणी जायचं भोक लाल चिखलाने बुजलेलं असतं, आणि स्प्रिंगचा शेवटचा वेढा त्या खाऱ्या चिखलात बारा महिने भिजत पडतो. बहुतेक स्प्रिंगा तिथेच तुटतात. म्हणून लोअर करायचं ठरवलं की स्प्रिंग बाहेर काढून तारेच्या ब्रशने साफ करा, व्हर्नियर कॅलिपरने शेवटच्या वेढ्याची जाडी वरच्या वेढ्याशी ताडून बघा. फरक दिसला तर ती कापण्यात अर्थ नाही, जोडी बदला. बैठकीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोराने दाबून बघा. पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर लोअरिंगचे पैसे आधी चासीवर खर्च करा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. पण त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते, चासी कापलेली चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा एमएच-०७ असो की एमएच-०८, काम करण्याआधी आरटीओत लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो. आणि काढलेले मूळ भाग ग्रीस लावून जपून ठेवा. परत लावता येईल असाच बदल करावा, असं मला मनापासून वाटतं. या गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

प्रत्यक्ष काम

जॅकवर उचललेल्या गाडीखाली लोखंडी स्टँड लावा. आपल्याकडे सर्रास चिरा लावतात. जांभा घराच्या भिंतीत शंभर वर्षं उभा राहतो, पण एका कोपऱ्यावर टनभर वजन आलं की आवाज न करता फुटतो. गाडीखाली माणूस असताना चिऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कॉइल काढताना चाक लोंबकळत असलं तरी स्प्रिंग पूर्ण सुटलेली नसते. आधीच्या उदाहरणातली ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग त्या अवस्थेतही १०० मिलिमीटर दबलेली असली, तर तिच्यात ३०० ज्यूल ऊर्जा साठलेली आहे, म्हणजे ३० किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यासारखी. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा. तो नसेल तर ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्याच्याकडे गाडी न्या. स्प्रिंगमधून जाड साखळी ओवून चासीला बांधायची, खालच्या हाताखाली जॅक ठेवायचा, आणि बॉल जॉइंटचं नट पूर्ण न काढता काही आटे ठेवून जॉइंट सोडवायचा. मग जॅक हळूहळू उतरवायचा. गंजलेले बोल्ट आदल्या दिवशीच डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. एक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट सोडले असतील तर नवेच लावा.

जोडताना एक चूक जवळपास सगळीकडे होते. हातांच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळतात. रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, वर गाडी ठरल्यापेक्षा उंचही बसते. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून हलवा, आणि मग वजन चाकांवर असताना शेवटचा जोर द्या.

त्यानंतर अलाइनमेंट, आणि तिथे फक्त टो लावून परत येऊ नका. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, मोजायला सांगा. २.९ मीटर व्हीलबेसच्या गाडीचं फक्त नाक ५० मिलिमीटर खाली गेलं की सगळी चासी एक अंश पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो, स्टिअरिंग सरळ रेषेत परत यायची ओढ कमी होते. सी-१० मध्ये हे वरच्या हाताच्या पट्ट्या कमी-जास्त करून सुधारतात, पाट्यांच्या गाडीत एक्सल आणि पाट्यांमध्ये तिरकी पाचर घालून. त्याच एका अंशाने हेडलाइटचा झोतही खाली जातो, ५० मीटरवर सुमारे ८५ सेंटिमीटर. जुलैच्या रात्री पावसात घाट उतरताना ते अंतर मोठं असतं, म्हणून दिवे भिंतीसमोर उभं राहून पुन्हा लावून घ्या. ब्रेकची रबरी नळी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे घासते का, तेही बघा.

शेवटी बम्प स्टॉपच्या टोकाला बोटाने ग्रीसचा जाड ठिपका लावा आणि आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या मालासह चार-पाचशे किलोमीटर गाडी चालवा. मग सगळे बोल्ट पुन्हा आवळा, चारही कोपऱ्यांची मापं पुन्हा घ्या, आणि ठिपका बघा. तो एखाद्या मोठ्या खड्ड्यात थोडासा दबला असेल तर ठीक. पार पुसला जाऊन समोरच्या लोखंडावर ग्रीसचा थर चढला असेल, तर चाक रोज आपटतं आहे. स्प्रिंगच्या बैठकीखाली रबरी पॅड घालून गाडी दहा-पंधरा मिलिमीटर परत वर घ्या, आणि नवा ठिपका लावून पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन या.